८ जानेवारी : के. ई. कुमार यांची आठवण, आणि रेसिंगच्या सुरक्षिततेबद्दल एक प्रश्न

यवतेश्वर
आज ८ जानेवारी. २०२३ साली याच दिवशी रेसर के. ई. कुमार चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर अपघातात गेले. राष्ट्रीय स्पर्धेतली सलून, म्हणजे बंद टपाच्या गाड्यांची शर्यत होती. दुसऱ्या गाडीशी धक्का झाला, गाडी ट्रॅक सोडून कुंपणाला धडकली आणि टपावर उलटली. शर्यत थांबवणारा लाल झेंडा लगेच निघाला, काही मिनिटांत त्यांना बाहेर काढून हॉस्पिटलात हलवलं, तरी ते वाचले नाहीत. वय ५९, मुरलेला रेसर. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. त्याच वर्षी ५ ऑगस्टला त्याच ट्रॅकवर बंगळूरूचा श्रेयस हरीश गेला, मोटरसायकलच्या शर्यतीत. अवघा १३ वर्षांचा.

दोन्ही मान्यताप्राप्त स्पर्धा होत्या. डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणारे) सगळं जागेवर होतं. तिथं असं होत असेल, तर आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जुनी हॅचबॅक उघडून मातीच्या ट्रॅकवर ऑटोक्रॉसच्या शर्यतीत पळवणाऱ्या पोरांचं काय? नुसती श्रद्धांजली वाहून थांबू नये असं वाटतं. नेमकं काय करता येईल, ते जाणकारांनी लिहावं.

पिवळा झेंडा
दोघांनाही विनम्र अभिवादन.

चौथा गिअर
श्रद्धांजली. धागा काढलात ते बरं केलंत.
या खेळातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या तरी मृत्यूनंतर आलाय. फॉर्म्युला वनमध्ये इमोलाला ३० एप्रिल १९९४ ला रोलँड रॅट्झनबर्गर आणि दुसऱ्या दिवशी आयर्टन सेना गेला. त्यानंतर कॉकपिटच्या कडा उंच झाल्या, ट्रॅक बदलले. चाक उडून लागू नये म्हणून चाकांना दोरखंड बांधायचं नव्वदीच्या शेवटी सुरू झालं. २००९ मध्ये हंगेरीत पुढच्या गाडीची स्प्रिंग उडून फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली, त्यानंतर व्हायझरच्या वरच्या कडेला झायलॉन नावाच्या मजबूत धाग्याची पट्टी आली. हेलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, २०१८ चा. तो आधी असता तर ज्यूल बियांकी आज आपल्यात असता.

पिवळा झेंडा
@चौथा गिअर, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही.
बियांकीचा अपघात ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका, भर पावसात. आधीच्या फेरीत दुसरा चालक सुटिल याची गाडी त्याच वळणावर गेली होती आणि ती उचलायला क्रेन ट्रॅकच्या आत आली होती. बियांकीची गाडी घसरली ती थेट क्रेनखाली. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) चौकशीतले आकडे असे : ७०० किलोची गाडी, ६५०० किलोची क्रेन, धडकेचा वेग ताशी १२६ किलोमीटर. कॉकपिट झाकलं असतं किंवा क्रेनला खाली आडोसा लावला असता तरी ही इजा टळली नसती, असं त्या समितीनंच लिहिलंय. एवढ्या वजनापुढे कुठलीही चौकट पुरत नाही.
खरी चूक जागेची आणि वेळेची. गाड्या पळत असताना क्रेन आत येऊच नये. दुहेरी पिवळा झेंडा म्हणजे 'थांबायच्या तयारीनं चालव', पण किती हळू हे चालकाच्या मनावर सोडलेलं होतं. म्हणून २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. त्यात ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याला किमान वेळ ठरवून दिलेली असते, त्याहून लवकर कुणी पार केला तर शिक्षा.
आणि तरीसुद्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच सुझुकाला, तशाच पावसात, पिएर गॅसली ट्रॅकवरच्या रिकव्हरी वाहनाच्या शेजारून गेला. नियम पुस्तकात होता. राबवणारा चुकला.

चौथा गिअर
चौकशीचा तो भाग लक्षात नव्हता घेतला. दुरुस्ती मान्य. मात्र हेलोचं श्रेय कमी होत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बहरीनला रोमँ ग्रोजाँची गाडी लोखंडी बॅरियर फाडून आत घुसली, ६७ जी चा (गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट) दणका, वर आग. सुमारे २७ सेकंदांत माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हेलो नसता तर बॅरियरचा पत्रा डोक्यावर आला असता. २०२२ ला सिल्व्हरस्टोनला झोऊची गाडी उलटली, रोलहूप (डोक्यामागची कमान) मोडला, तिथंही हेलोनंच डोकं वाचवलं.

पिवळा झेंडा
ग्रोजाँच्या बाबतीत मेडिकल कारही मोजा. पहिल्या फेरीत ती सगळ्या गाड्यांच्या मागोमाग पळते, म्हणून काही सेकंदांत डॉक्टर तिथं पोहोचले. सिड वॉटकिन्स १९७८ मध्ये फॉर्म्युला वनचे डॉक्टर झाले, त्याच वर्षी मोंझाला रॉनी पीटरसन जखमी झाला आणि मदत उशिरा पोहोचली. पहिल्या फेरीला डॉक्टरांची गाडी मागे हवी, हा आग्रह तिथून आला.

माणदेशी
मला ह्यातलं तांत्रिक कळत नाही, पण एक इचारतो. तेरा वर्षांचं लेकरू गेल्यावर बी आपण झायलॉनची पट्टी आन् टायटॅनियम बोलत बसायचं का? एवढ्या ल्हान पोराला रेसिंगच्या गाडीवर बसवून ट्रॅकवर सोडतंय कोण? बंद करा की ह्यो प्रकार.

कृष्णाकाठ
माणदेशींचा राग समजतो आणि वयाच्या मुद्द्यावर ते बरोबर आहेत. २०२१ या एकाच वर्षात तीन कोवळे रायडर गेले : मुजेलोला जेसन दुपास्किए (१९), अरागॉनला ह्यूगो मिलान (१४), जेरेझला डीन बेर्टा विन्यालेस (१५). तिघांचंही स्वरूप एकच. पडल्यामुळे नाही, तर पडल्यावर मागून येणाऱ्या गाडीची धडक बसल्यामुळे. मोटोजीपीत (मोटरसायकलच्या जागतिक ग्रां प्री स्पर्धेत) एअरबॅगचा सूट २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो घसरत जाणाऱ्या रायडरसाठी आहे. मागची गाडी अंगावर आली तर त्याचा फार उपयोग नाही. म्हणून नंतर ग्रां प्रीचं किमान वय १८ करण्यात आलं आणि लहान गटांत एका वेळी पळणाऱ्या गाड्यांची संख्या कमी केली गेली.
कमी ताकदीच्या, सारख्याच गाड्या असल्या की सगळे एका घोळक्यात राहतात. एकजण पडला की मागच्याला वळायला जागाच नसते. आपल्याकडे मुलांच्या गटात काय करायचं असेल तर पहिल्यांदा घोळका फोडा : कमी रायडर, दोन हीट (वेगवेगळ्या गटांच्या शर्यती), सुरुवातीच्या ओळींत जास्त अंतर, आणि पहिलं वळण स्टार्टपासून अगदी जवळ नको.
बंदीबद्दल मात्र असहमत. १९५५ ला फ्रान्समध्ये ल मान्सला गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त लोक गेले, त्यानंतर स्वित्झर्लंडनं सर्किट रेसिंगवर बंदी घातली आणि ती पुढची कित्येक दशकं टिकली. स्विस पोरं शेजारच्या देशांत जाऊन पळली. आपल्या पोरांना शेजारचा देश नाही. त्यांच्याकडे कास रस्ता आहे, पसरणी घाट आहे. तिथं समोरून ऊसाचा ट्रॅक्टर येतो आणि झेंडा दाखवायला कुणी नसतं.

माणदेशी
घाटाचं खरं हाय. पर वय तरी ठरवा बाबांनो.

हळदबाजार
वयाबद्दल माणदेशींना +१. बाकी कृष्णाकाठशी सहमत.

कुपवाड एमआयडीसी
यवतेश्वर, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. कुमार यांची गाडी टपावर आली, तेव्हा बंद गाडीतल्या रोलकेजबद्दल, म्हणजे गाडी उलटली तरी टप खाली येऊ नये म्हणून आत बसवलेल्या पाइपांच्या सांगाड्याबद्दल, सविस्तर लिहितो. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

पाइप कुठला? सीडीएस, म्हणजे थंड ओढलेला, जोड नसलेला कार्बन स्टीलचा. ताण सोसायची ताकद किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुख्य कमान, जी चालकाच्या मागे उभी राहते, ती ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २.० जाडी. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.०. हे एफआयएच्या जे परिशिष्टातले आकडे आहेत. बाजारात स्वस्त मिळतो तो ईआरडब्ल्यू, लांबीत वेल्ड केलेला. वाकवताना किंवा आदळल्यावर तो शिवणीत उकलू शकतो. पाण्याचा जीआय पाइप तर हातच लावू नका. वरच्या जस्तामुळे वेल्डमध्ये बुडबुडे राहतात, जोड वरून छान आणि आतून पोकळ. शिवाय तो धूर वेल्डरला ताप आणतो.

वाकवायचा थंड. वाकाची त्रिज्या, पाइपाच्या मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या किमान तिप्पट. वाळू भरून गॅसनं तापवून वाकवलेला पाइप त्या जागी मऊ पडतो आणि चपटा होतो. वाकावर व्हर्नियर लावा : लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पेक्षा कमी भरला तर तो तुकडा भंगारात.

जोड : एका पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईत बसेल असं कापायचं आणि पूर्ण घेर वेल्ड करायचा. टपाला चिकटलेल्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही म्हणून तिथं वेल्ड सोडून देतात, आणि गाडी उलटल्यावर तोच जोड सुटतो. उपाय सोपा आहे. केजचे पाय बसवायच्या आधी तळाच्या पत्र्याला तात्पुरती भोकं पाडून केज खाली सोडायचा, वरचे जोड पूर्ण घेरानं वेल्ड करायचे, मग केज वर उचलून पायाखाली प्लेटा घालायच्या. आणि वेल्ड दिसायला गुळगुळीत व्हावा म्हणून ग्राइंडर मारू नका, ताकद तिथंच असते.

पाय : गाडीचा तळ म्हणजे मिलिमीटरभराचा पत्रा. त्यावर पाइप नुसता टेकवून वेल्ड केला तर उलटताना पाइप पत्रा फाडून खाली जातो, केज धड राहतो आणि टप चालकाच्या डोक्यावर येतो. म्हणून प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची प्लेट. बोल्टवर बसवत असाल तर पायाला किमान तीन, एम-८, ग्रेड ८.८.

डोकं लागेल तिथल्या नळ्यांवर एफआयए मान्यतेचं कडक पॅडिंग. पाण्याच्या नळीवर चढवायचा काळा फोम चालत नाही, तो हेल्मेटखाली पूर्ण दबतो.

हळदबाजार
बॉनेटला लिंबू-मिरची बांधा हवी तर, पण आधी बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलंय का बघा! कुपवाडकर, प्रतिसाद जपून ठेवलाय.

यवतेश्वर
फार मोलाचं. केज नीट झाला, आता आतला माणूस कसा बांधायचा?

चौथा गिअर
बेल्ट आणि हान्स (मान सांभाळणारी कॉलर) ही जोडी आहे, वेगवेगळं धरू नका.
गाडी समोरून आदळते तेव्हा धड बेल्टनं थांबतं, पण डोकं आणि हेल्मेट पुढं जात राहतं. सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळावर. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाला डेल अर्नहार्ट गेला तो याच इजेनं. रॅट्झनबर्गरचंही तेच. हान्स १९८० च्या दशकात रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी बनवलेलं होतं, म्हणजे उपाय वर्षानुवर्षं उपलब्ध होता आणि चालक 'अडचण होते' म्हणून घालत नव्हते. अर्नहार्ट गेल्यावर त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॅस्कार स्पर्धेनं सक्ती केली, फॉर्म्युला वननं २००३ मध्ये.
हान्सची कॉलर खांद्यावर बसते आणि खांद्याचे पट्टे तिला दाबून धरतात. कॉलरपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या. म्हणून साध्या तीन बिंदूंच्या बेल्टवर हान्सचा काडीचा उपयोग नाही, सहा बिंदूंचा हार्नेस (रेसिंगचा पट्टा) लागतोच.
खांद्याचे पट्टे सीटमधून मागे जाताना जवळजवळ आडवे. मागच्या सीटच्या जागी तळाला बांधले की ते तीव्र उतारानं खाली जातात आणि धडकेत मणका दाबतात. केजच्या मुख्य कमानीत आडवी नळी टाकून तिच्यावर बांधणं उत्तम. कमरेचा पट्टा खुब्याच्या हाडावर, पोटावर नव्हे. पोटावर असेल तर आतड्यांना इजा. मांड्यांमधले पट्टे कमरेचा पट्टा वर सरकू देत नाहीत, ते काढून टाकू नका. तळाला जिथं बोल्ट आहे तिथं खालून ४० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटरची प्लेट.
पट्ट्याची मुदत त्याच्या लेबलवर शिवलेली असते. उन्हात ठेवलेली गाडी असेल तर मुदतीआधीच धागा कडक होतो. आणि एकदा मोठी धडक बसली की तो हार्नेस गेला, दिसायला कितीही चांगला असू दे.

माणदेशी
आन् रस्त्यावरचं हेल्मेट चालतंय का?

चौथा गिअर
गाडीच्या रेसिंगला नाही. आयएसआय हेल्मेट रस्त्यावर दुचाकीसाठी. कारच्या हेल्मेटचं अस्तर आग सोसणारं लागतं, केजवर वारंवार आपटणं गृहीत धरलेलं असतं, आणि हान्सच्या पट्ट्या अडकवायला दोन्ही बाजूंना खुंट्या असतात. घरी ड्रिल मारून खुंटी बसवू नका, कवच तिथं कमजोर होतं.

मिरजेचा पूल
वैद्यकीय बाजू राहिली. मैदानावर हजर असणाऱ्यांसाठी लिहितो.
आग नसेल, पेट्रोल गळत नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. लोक प्रेमापोटी काखेत हात घालून ओढतात आणि मानेचा मोडका मणका मज्जारज्जूत घुसतो. एकानं मागून किंवा खिडकीतून डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, दुसऱ्यानं मुख्य स्विच बंद करायचा, तिसऱ्यानं श्वास बघायचा. हेल्मेट काढायची वेळ आलीच तर दोघं हवेत : एक खालून मान आणि जबडा धरतो, दुसरा हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवून सरळ ओढतो. श्वास अडला नसेल तर डॉक्टर येईपर्यंत राहू द्या.
कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत असेल, डोळ्यांभोवती काळं पडत असेल तर कवटीच्या तळाला फ्रॅक्चर समजा. अशा वेळी नाकात नळी घालायची नाही. सरळ न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात, मधल्या छोट्या दवाखान्यात थांबून वेळ घालवायचा नाही. सांगलीच्या बाजूचं मैदान असेल तर मिरज जवळ आहे, हे आपलं नशीब. साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांत मैदान असेल तर कुठलं हॉस्पिटल, कुठला रस्ता आणि त्या रविवारी सर्जन हजर आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून ठरवा.
१०८ ही सगळ्यांची सेवा आहे, तिच्या भरवशावर स्पर्धा घेऊ नका. मैदानावर ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर असलेली ॲम्ब्युलन्स उभी हवी आणि शक्यतो दोन. एक बाहेर पडली आणि दुसरी नसेल तर स्पर्धा थांबली पाहिजे. प्रेक्षक ओरडू देत.

कृष्णाकाठ
शेवटचं वाक्य आयोजकांनी मनावर घ्यावं.

पुसेसावळी
प्रेक्षकांचं कुणीच बोललं नाही. बैलगाडी शर्यतींना सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली तेव्हापासून मैदानं पुन्हा भरतात, आणि १८ मे २०२३ ला कोर्टानं कायद्याचा आधारही कायम ठेवला. तिथं जी सवय लागलीय, म्हणजे चाकोरीला खेटून उभं राहायचं, मोबाइल पुढं काढायचा, शेवटच्या रेषेपलीकडे धावत जायचं, तीच सवय घेऊन लोक ऑटोक्रॉसला येतात. बैल माणूस बघून बिचकून तरी बाजूला होईल. हजार किलोची घसरलेली गाडी होत नाही.
मातीत गाडी नेहमी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाते. म्हणून बाहेरच्या अंगाला एकही माणूस नको, दोरी बांधून पण नको. दोरी गाडी अडवत नाही. प्रेक्षक आतल्या अंगाला किंवा उंचवट्यावर. शेवटच्या रेषेनंतर थांबायला मोकळी पट्टी, तिचं तोंड पार्किंगकडे नको.

पिवळा झेंडा
पुसेसावळी, अगदी मुद्द्याचं. त्यात अडथळ्यांची भर घालतो.
कडब्याच्या पेंढ्या किंवा ऊसाचं पाचट बॅरियर म्हणून रचू नका. १९६७ ला मोनॅकोला लोरेंझो बँडिनीची गाडी उलटली तेव्हा कडेच्या गवताच्या गासड्यांनी आग भडकवली. तीन दिवसांनी तो गेला आणि त्यानंतर त्या गासड्यांवर बंदी आली. आपलं पाचट उन्हाळ्यात त्याहून झटकन पेटतं.
जुने टायर उत्तम, पण सुटे नकोत. सुटा टायर गाडीच्या दणक्यानं उडून प्रेक्षकांत जातो, किंवा रचलेला ढीग फाकतो आणि गाडी मधून आरपार. एकावर एक रचून, शेजारच्यांना बोल्टनं जोडून, दोन-तीन ओळी जाड करा आणि पुढच्या बाजूला रबरी कन्व्हेयर पट्टा लावा. पट्टा नसेल तर गाडीचं नाक टायरांत रुतून ती जागच्या जागी गरकन फिरते किंवा उलटते. पट्टा असला की घासत पुढे सरकते आणि वेग हळूहळू जिरतो. आपल्याकडे साखर कारखान्यांतून असे उतरवलेले पट्टे भंगारात निघतात. ह्यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

हळदबाजार
कारखान्याचा पट्टा! हे डोक्यातच आलं नव्हतं. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेयरचा रुंद असतो, तो चांगला बसेल.

कुपवाड एमआयडीसी
फक्त त्याच्या कडेला स्टीलच्या क्लिपा राहिलेल्या असतात, त्या काढून घ्या. आणि पट्टा टायरांना जोडताना बोल्टचं डोकं बाहेर येऊ देऊ नका, मोठं वॉशर घालून आत दाबा.

यवतेश्वर
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एकच शंका उरली. मार्शल किती लागतात आणि त्यांना शिकवायचं काय? आपल्याकडे मंडळाची पोरं उभी करतात.

पिवळा झेंडा
मंडळाची पोरं चालतील, शिकवून उभी केली तर. प्रत्येक ठाण्यावरून पुढचं आणि मागचं ठाणं दिसलं पाहिजे. धुळीमुळे मातीच्या ट्रॅकवर हे अंतर कमी होतं, म्हणून ठाणी वाढतात. ठाण्यावर किमान दोघं : एकाचं तोंड गाड्या येतात त्या दिशेला, दुसऱ्याचं अपघाताकडे. झेंडेवाला अपघाताकडे वळून बघत बसला की मागून येणाऱ्याला कुणी सांगतच नाही. मातीच्या ट्रॅकवर ट्रॅकच्या हद्दीत माणूस उतरायचा असेल तर थेट लाल, पिवळ्यावर भागवायचं नाही.
लाल झेंड्याशिवाय ट्रॅक ओलांडायचाच नाही. १९७७ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीत आग विझवायला धावलेला १९ वर्षांचा मार्शल ट्रॅक ओलांडताना चालक टॉम प्राइसच्या गाडीखाली सापडला, त्याच्या हातातलं सिलिंडर प्राइसच्या डोक्याला लागलं. दोघंही गेले.
मार्शलला सुती कपडे, पूर्ण बाह्या, जाड हातमोजे, पायात बूट. नायलॉनची जर्सी आगीजवळ अंगाला चिकटते. मंडळाचे चकचकीत टी-शर्ट त्या दिवशी घरी ठेवा.

मिरजेचा पूल
आणि प्रत्येक ठाण्यावर पट्टा कापायची सुरी. उलट्या गाडीत चालक पट्ट्यावर लटकलेला असतो, त्याच्या वजनानं बकल उघडत नाही. कापायच्या आधी एकानं खालून खांदे आणि डोकं पेललेलं हवं, नाहीतर तो थेट डोक्यावर पडतो.

माणदेशी
ह्ये समदं एका कागदावर मराठीत छापून द्या. आमच्याकडं जत्रंच्या टायमाला मैदान हाय, कमिटीला मी सोता नेऊन देतो. आन् वयाचं पयल्या ओळीत घाला.

यवतेश्वर
माणदेशी, करतो. वय पहिल्या ओळीत. त्याखाली ॲम्ब्युलन्स, मग प्रेक्षकांची जागा, मार्शल, बॅरियर, आणि केज-हार्नेस तपासणीचे आकडे शेवटी, कारण ते गाडी बनवणाऱ्यासाठी आहेत. कुपवाडकर आणि चौथा गिअर, आकडे एकदा तपासून द्याल का?

कुपवाड एमआयडीसी
देतो. तपासणीत टोकदार खिळ्यानं केजच्या वेल्डवर खरवडून बघा, असंही घाला. पुट्टी भरून रंग मारलेला जोड लगेच उघडा पडतो.